दोन बोटं मागे

अंगठा उडाला आणि काचेची बांगडी वाजली. पदराखाली मुठीत दाबून धरलेला उजव्या हाताचा अंगठा, आणि तो काही श्यामलाने हलवला नव्हता. डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलेल्या त्या जाड, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वेटोळ्यातून टकटकटकटक असे चार सेकंद ठोके पडले, आणि ठोक्यागणिक अंगठ्याने मुठीच्या आत उसळी घेतली. गेले काही दिवस तो नुसता थरथरायचा. आज एवढा उडाला, की बांगड्या एकमेकींवर आपटल्या. यंत्र थांबलं. आता सव्वीस सेकंद शांतता, मग पुन्हा ठोके. यंत्रापाशी बसलेल्या वैष्णवीने मान वळवली. "काही झालं का काकू?" कानात बोळे असल्यामुळे तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा आला. "नाही गं, काही नाही," श्यामला म्हणाली, आणि तिने बांगड्या कोपराकडे सरकवून डाव्या हाताने उजवी मूठ गच्च धरली.

काही नाही. हे दोन शब्द तिच्या तोंडात इतके बसले होते, की बोलताना जीभ हलवावी लागत नसे. आजचा अठ्ठाविसावा दिवस. गंगापूर रोडवरच्या या दवाखान्यात सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण तीस दिवस तिच्या मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचे होते. शुक्रवारी तिसावा, मग बंद. पहिल्या दिवशी डॉक्टर पगारांनी तिला सगळं नीट सांगितलं होतं. डॉक्टर तरुण, बोलणारे, समोरच्याला कळलं की नाही हे डोळ्यांत बघून ठरवणारे. "काकू, आधी आपण तुमचा अंगठा हलवणारी जागा शोधायची. किती जोराच्या ठोक्याला अंगठा उडतो ते कळलं, की तुमचं माप कळलं. मग तिथून पुढे, कपाळाकडे सरकायचं. औषधाची जागा ती. तिथे ठोके पडले की भुवई उडेल, ते चालेल. पण नंतर कधी अंगठा हलला तर लगेच सांगायचं. जागा चुकली असं समजायचं. चुकीच्या जागी फायदा तर होत नाहीच, उलट एखाद्याला फीटही येऊ शकते." त्या दिवशी अंगठा पहिल्यांदा उडाला तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली होती. अठ्ठावन्न वर्षं आपला म्हणून वापरलेला अंगठा. याच अंगठ्याने आणि दोन बोटांनी तिने आयुष्यभर मीठ घातलं होतं. चमचा तिने कधी घेतला नाही. आणि आता कुणीतरी खोलीच्या त्या टोकाला कळ दाबतं आणि तो मांडीवर टुणकन उडतो. तिला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, पण यायला हवं होतं एवढं कळलं, आणि त्या काळात तेही पुष्कळ होतं.

खरं तर अंगठा तिला न विचारता चालायला लागला त्याला दोन वर्षं झाली होती, यंत्राच्या कितीतरी आधी. तिचे यजमान, ज्यांना सगळी पंचवटी नाना म्हणते, ते रामकुंडावरचे उपाध्ये. बाहेरगावची माणसं श्राद्धाला येत, घाटावरचे विधी नाना करत, आणि पानं वाढली जात ती घरी. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरी बंद करून तिथे सोवळ्याची शेगडी मांडलेली. तिथे श्यामला पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांसाठी स्वयंपाक करत आली होती. कुणाचे वडील, कुणाची काकू, कुणाचा पाण्यात गेलेला भाऊ. त्यांना ती नावानेही ओळखत नसे, फक्त कोणाला काय आवडायचं ते आलेली माणसं सांगत आणि ती करत असे: खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी. या स्वयंपाकाची चव बघायची नाही. पितरांच्या आधी आपली जीभ लागायची नाही. मीठ हाताला कळतं आणि नाकाला कळतं, असं सासूबाईंनी शिकवलं होतं, आणि खरंच कळायचं. त्याच्या जोडीला दुसरा नियम जेवणाऱ्यांचा. श्राद्धाच्या पानावर बसलेल्याने चांगलं म्हणायचं नाही, वाईट तर नाहीच. समोर येईल ते खायचं, नाव ठेवायचं नाही. अशा घरात, जिथे रांधणारीने चाखायचं नाही आणि खाणाऱ्याने बोलायचं नाही, तिथे सगळा कारभार एका चिमटीच्या भरवशावर चालतो.

सर्वपित्रीचा दिवस होता. पहाटे चारपासून ती उभी होती. आमटीला उकळी आली, हाताने मीठ घातलं, आणि थोड्या वेळाने तिला दिसलं, की तिचा हात पुन्हा मिठाच्या वाडग्यातून वर येतोय. बोटं रिकामी होती. म्हणजे घातलं. दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा, ते तिला सांगता येईना. तिने भांड्यावर वाकून वास घेतला. वास नव्हता. मिठाचा नव्हता, हिंगाचा नव्हता, तुपाचा नव्हता. जणू कुणीतरी नाकासमोर काच धरली होती. तिने आमटी वाढली. अकोल्याकडून आलेली चार माणसं पानावर बसली होती. एकाने पहिला भुरका घेतला, त्याचे डोळे क्षणभर मिटले, मग त्याने भात जास्त कालवला आणि शेवटपर्यंत जेवला. चौघेही जेवले. पाणी तेवढं दोनदा मागितलं. नानाही मागून जेवले. कुणी अक्षर बोललं नाही. ती दारात उभी राहून बघत होती, आणि तिला मनापासून वाटत होतं, की यांच्यातल्या कुणीतरी वाटी आपटावी, काय हे, असं म्हणावं. मग ती निदान रडली असती.

त्यानंतरचे दिवस तिला सलग आठवत नाहीत. थकवा हा शब्द तिला लहान वाटे. थकवा झोपल्यावर जातो. हे अंगात ओलं गोणपाट भरल्यासारखं होतं. कूस बदलली की तेही बदलायचं. न्हाणीघरात ती पाटावर बसे आणि उठायला विसरे. बाहेरून सून विचारी, "आई, झालं का?" आणि ती म्हणे, "हो, काही नाही." सून यशश्री, बँकेत नोकरीला, कामाची आणि मनाची चांगली. तिनेच एके दिवशी दाराची कडी वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं. आत पाणी वाहत होतं आणि श्यामला कोरडीच बसली होती. मग डॉक्टर, गोळ्या, त्या बदलून दुसऱ्या गोळ्या. हात कापायला लागले, तोंड सुकायला लागलं, गोणपाट तसंच. दीड वर्षाने पगार डॉक्टर म्हणाले, आता हे करून बघू. मुलगा गौरांग फोनवर वाचून वाचून सगळ्यांना समजावत बसला. नाना एवढंच म्हणाले, "दुखणार नाही ना तिला?"

आणि गुण आला होता, हे विशेष. बारावा दिवस. रिक्षा कुंभमेळ्यासाठी खोदून ठेवलेल्या रस्त्यात अडकली होती, धुळीने जीव नकोसा झालेला, आणि कुठल्याशा इमारतीतून फोडणीचा वास आला. हिंग, मोहरी आणि थोडा करपलेला लसूण. तो नाकातून सरळ पोटात उतरला आणि तिला भूक लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा, एखाद्या लहान मुलीसारखी सणकून भूक. घरी येऊन तिने शिळी भाकरी आणि तेल-तिखट उभ्याउभ्या खाल्लं, आणि ओट्याला टेकून कितीतरी वेळ रडली. ते रडणं आठवलं की अजून बरं वाटे.

मग तिने टोपी धुतली. दवाखान्यात प्रत्येक पेशंटची एक पातळ कापडी टोपी असते. पहिल्या दिवशी टेपने डोकं मोजून तिच्यावर निळ्या शाईने वर्तुळ काढतात, आणि रोज त्या वर्तुळावर वेटोळं टेकवतात. या टोप्या एका खणात एकावर एक ठेवलेल्या असत. कुणाकुणाच्या डोक्याचं तेल, कुणाकुणाचा घाम. श्यामलाला ते बघवत नसे. आजार अंगातला सगळा उत्साह घेऊन गेला होता, पण सोवळं काही गेलं नव्हतं. ते बहुतेक हाडांत असतं. पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, तिने विचारलं, "मी नेऊ का गं घरी? धुऊन आणते." वैष्णवी घुटमळली. ती विंचूरची, नाशिकला खोली घेऊन राहिलेली, इथे काम करता करता मानसशास्त्राचं शिकणारी. पेशंटशी जपून शहरी बोलायची, पण गडबडली की गावची भाषा यायची. "तशी पद्धत नाय काकू. सर ओरडतील." मग श्यामलाचा चेहरा बघून म्हणाली, "बरं न्या. पण खुणा जपा, हां. लय महत्त्वाच्या हायेत त्या."

श्यामलाने शनिवारी ती टोपी कढत पाण्यात, सोडा घालून, हाताच्या सवयीने खसाखसा चोळली. वर काढली तेव्हा निळ्या शाईचा नुसता ढग उरला होता. ती बराच वेळ ओल्या टोपीकडे बघत बसली. सांगावं तर त्या पोरीला बोलणी बसणार. एका म्हातारीच्या हट्टापायी. दुपारी यशश्रीचं मार्कर घेऊन, टोपी डोक्यावर चढवून, बोटांनी चाचपत तिने वर्तुळ पुन्हा काढलं. इथेच होतं, ती स्वतःशी म्हणाली. सोमवारी यंत्र सुरू झालं आणि भुवई उडाली नाही. अंगठा मात्र किंचित थरथरला. म्हणजे वर्तुळ मागे गेलं होतं, कपाळापासून दूर, अंगठ्याच्या जागेकडे. दोन बोटं असेल. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वैष्णवीने नेहमीसारखं विचारलं, "ठीक आहे ना काकू?" आणि तोंडातून गेलं, "हो, ठीक आहे." एकदा ठीक म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय म्हणायचं? असे तेरा दिवस गेले. वास चार-पाच दिवस रेंगाळले आणि मग एकेक करून निघून गेले, न सांगता आलेले पाहुणे न सांगता जातात तसे. गोणपाट पुन्हा भिजायला लागलं.

यात सगळ्यात वाईट काम त्या कागदाचं होतं. दर आठवड्याला वैष्णवी तिला नऊ प्रश्न वाचून दाखवी. गेल्या आठवड्यात किती दिवस उदास वाटलं, किती दिवस झोप आली नाही, किती दिवस कशातच मन लागलं नाही. अजिबात नाही, काही दिवस, बरेच दिवस, रोज. याचे आकडे होत, आणि आकडे कमी झाले की वैष्णवीचा चेहरा उजळे. डॉक्टर आणि ती मिळून तीस पेशंटांचा अभ्यास करत होते. त्यावरच तिचा प्रबंध होता. श्यामला त्या कागदापुढे श्राद्धाच्या पानावर बसल्यासारखी बसे. एवढं मापून, मेहनतीने, मायेने समोर ठेवलेलं, त्याला नाव कसं ठेवायचं? "अजिबात नाही," ती म्हणे. "अजिबात नाही." नवव्या प्रश्नाला, जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, ती थोडी हसून म्हणे, "छे गं." आणि परवा होळकर पुलावर रिक्षा थांबली असताना ती खाली पाण्याकडे बघत होती. तिला भीती वाटली नाही. पाणी जवळचं वाटलं, सोपं वाटलं. भीती वाटली ती घरी आल्यावर, भाजी निवडताना, हे आठवून.

"संपलं काकू," वैष्णवीने तिच्या कानातले बोळे काढले, कुड्या आणि मंगळसूत्र ठेवलेली डबी पुढे केली. डॉक्टर दारात उभे होते. "काकू, तुमचा आलेख बघितला. इतका सुंदर उतार आमच्या अभ्यासात दुसऱ्या कुणाचा नाही. पुण्याच्या परिषदेत पहिला तुमचाच दाखवणार आहे. शुक्रवारी शेवटचं, मग सुट्टी." श्यामला म्हणाली, "सगळी तुमची कृपा." रिक्षात बसल्यावर तिला कळलं, की शुक्रवारनंतर तिला कुणी काही विचारणार नाही. ती बरी झालेली असेल. कागदावर, घरात, पुण्याच्या परिषदेत. आणि तो पूल तिथेच असेल.

संध्याकाळी तिने आमटी केली. साधी घरची, सोवळं-बिवळं काही नाही. उकळी आल्यावर मीठ घातलं. मग जरा थांबली, वाडग्याकडे बघितलं आणि पुन्हा घातलं. या वेळी हाताने नाही, तिने घातलं. मग आणखी एक मोठी चिमूट. आपण हे काय करतोय ते तिला नीट ठाऊक नव्हतं, पण हात मात्र बऱ्याच दिवसांनी तिचा होता. नानांचं पान वाढलं. नाना दिवसभर घाटावर उभे राहून आलेले, पाय सुजलेले. त्यांनी भातावर आमटी ओतून घेतली, घास घेतला आणि त्यांचे डोळे क्षणभर मिटले. अगदी अकोल्याच्या त्या माणसाचे मिटले होते तसे. मग त्यांनी भात जास्त कालवला.

"आमटी कशी झालीय?" श्यामलाने विचारलं.

"छान झालीय."

तिने ओट्यावरच्या पातेल्यात बोट घातलं आणि चाटलं. जिभेला चटका बसला. खाऱ्या विहिरीचं पाणी बरं. ती वळली तेव्हा नाना दुसरा घास घेत होते.

"अहो, थांबा. खाऊ नका ते," ती म्हणाली. "खारट आहे ना?"

नानांनी घास हातात तसाच धरला. "थोडी आहे."

"थोडी नाही. आणि आजचीच नाही. सर्वपित्रीलाही होती ना, त्या अकोल्याच्या माणसांच्या वेळी?"

नानांनी घास पानात ठेवला. "होती. त्यानंतरही बरेचदा असते. कधी मुळीच नसतं मीठ. यशश्री म्हणून तर दह्याची वाटी ठेवते ना जवळ."

दह्याची वाटी. दोन वर्षं ती रोज ती वाटी घासत आली होती. स्वतः मात्र ताक-भातावर भागवत होती. "मग बोलला का नाहीत कुणी?"

"अगं, काय बोलायचं? तू उठून शेगडीपाशी उभी राहत होतीस, तेच आम्हाला खूप होतं. त्यात आणखी नाव कुठे ठेवायचं तुला." त्यांचा आवाज चिरकला. चाळीस वर्षं मंत्र म्हणून घट्ट झालेला आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"मला कळलं असतं," श्यामला म्हणाली. "अहो, मला कळलं असतं ना."

तिला राग आला होता. नानांचा, यशश्रीचा, त्या चार भल्या माणसांचा, सासूबाईंचा, आणि सगळ्यात जास्त ज्या बाईने कागदावर तेरा दिवस छान छान म्हटलं होतं तिचा. राग चांगला गरम होता. तिने पान उचललं, आमटी मोरीत ओतली आणि नानांना तूप-भात कालवून दिला. नाना निमूट जेवले. हात धुताना म्हणाले, "भातात मीठ कमी होतं बरं का." आणि घाबरून तिच्याकडे बघितलं. तिने मिठाचा वाडगा त्यांच्यापुढे ठेवला.

गुरुवारी खुर्चीवर बसताना तिने पदर मागे खोचला आणि उजवा हात खुर्चीच्या दांडीवर उघडा ठेवला. ठोके सुरू झाले. अंगठा टुणटुण उडायला लागला. "वैष्णवी," ती म्हणाली, "इकडे बघ." वैष्णवीने बघितलं आणि घाईघाईने यंत्र बंद केलं. तिचा चेहरा उतरला. "कधीपासून हलतोय काकू?" मग श्यामलाने सगळं सांगितलं. टोपी, सोडा, यशश्रीचं मार्कर. कागदही. "ते आकडे खोटे आहेत गं. आधीचे खरे, शेवटचे दोन खोटे." वैष्णवी स्टुलावर बसली. "माझा प्रबंध हाय त्याच्यावर," ती हळू म्हणाली, श्यामलाला नाही, स्वतःलाच. मग डोळे पुसून उठली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. श्यामला एकटी बसून राहिली. आपणच हे खारट पान तिच्यापुढे वाढलं, आणि हे खाऊन टाक असंही म्हणता येत नाही. तिला फार वाईट वाटलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं, म्हणाले, "टोपी बाहेर द्यायची नाही, हे तुला माहीत होतं. आणि जागा रोज मोजायची असते, नुसत्या वर्तुळावर जायचं नसतं. मीही तपासलं नाही, ती माझी चूक." मग श्यामलाला म्हणाले, "काकू, फीट आली असती तर?" ती म्हणाली, "हो." त्यांनी नवी टोपी काढली, टेप घेतला, नाकाच्या मुळापासून मानेपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत मोजलं. जुनी टोपी वर धरून बघितली. दोन बोटंच होती मागे. "नव्याने धरावं लागेल. वीस तरी, कदाचित तीस. यायची तयारी आहे?" तीस दिवस. खोदलेले रस्ते, धूळ, रिक्षातले धक्के, हीच खुर्ची. तिच्या खांद्यांत सगळं एकदम येऊन बसलं. "नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण येईन."

कागद आधी झाला. वैष्णवी नाक ओढत वाचत होती, आणि श्यामला प्रत्येक प्रश्नावर थांबून, आत बघून उत्तर देत होती. "रोज. रोज. बरेच दिवस." नवव्या प्रश्नाला तिने डाव्या हाताने उजवा अंगठा धरला, आणि वैष्णवीने मान वर केली. "काही दिवस," श्यामला म्हणाली. "परवा पुलावर." वैष्णवीचं पेन थांबलं. तिने ते खाली ठेवलं, श्यामलाचा हात धरला आणि दारातल्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आत आले, स्टूल ओढून बसले, बराच वेळ साधं साधं विचारत राहिले. नानांना फोन लावला, आजपासून काकूंना एकटं पाठवू नका म्हणाले, रोज आधी मला भेटायचं असं ठरवलं. नाना फोनवर दोनदा म्हणाले, "मी येतो, मी येतो." घाटावरचं काम अर्धवट सोडून ते आजवर कुठेही गेले नव्हते.

ते येईपर्यंत नव्याने पहिला दिवस उरकून घ्यायचं ठरलं. वेटोळं नव्या वर्तुळावर टेकलं. टकटकटकटक. डावी भुवई फडफडली, कपाळाच्या हाडावर कुणी टिचक्या माराव्यात तसं झालं, आणि मूळच्या जागेवर इतक्या दिवसांनी ते चांगलंच दुखलं. दांडीवरचा अंगठा स्वस्थ पडून होता. ठोके थांबले. शांततेत वैष्णवी खाली वाकली. तिचे डोळे अजून लाल होते. "ठीक आहे ना काकू?"

हो, ठीक आहे, हे शब्द तोंडाशी आलेच होते. श्यामलाने ते तिथेच थांबवले.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "थोडं कमी कर."